एका बाहीचे डॉक्टर

त्यांच्या दारात कोणी 'वांझ' म्हणालं की ते त्याला बाहेर काढत. जनावराला नाही, माणसाला. घोडी पत्र्याच्या शेडखाली सावलीत आणि तिचा मालक रस्त्यावर उन्हात, हे चित्र पुसेगावात मी कितीदा तरी पाहिलं. एकदा तर एक सरपंच अर्धा तास तसा उभा होता, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, घामाघूम.

"वांझ हा काई रोग न्हाई, शिवी हाय," आतून आवाज यायचा. "शिवीवर माझ्यापाशी औषध न्हाई. काय झालं ते सांग, मंग आत ये."

ते सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले जनावरांचे डॉक्टर. गायी-म्हशी, शेळ्या-मेंढ्या सगळं बघायचे, पण जीव घोड्यांवर, त्यातही घोड्यांपेक्षा घोड्यांच्या बायकांवर. आमच्या भागात घोडी दोनच कामांची, वरातीत नवरदेव बसवायला, नाहीतर मेंढ्यांमागं फिरणाऱ्या कुटुंबांचा बोजा वाहायला. ती दूध देत नाही आणि नांगर ओढत नाही. म्हणून दवाखान्यात तिचा नंबर शेवटचा, योजनेत तर नंबरच नाही. याची त्यांना चीड होती, आणि ती चीड त्यांच्या कपड्यांवर दिसायची.

त्यांच्या एकाही सदऱ्याला डावी बाही नव्हती. घोडीचं पोट तपासायचं तर हात खांद्यापर्यंत आत घालावा लागतो. नोकरीत असताना लांब हातमोजे मागवले, ते आले नाहीत. परत मागवले, परत आले नाहीत. मग त्यांनी सेनगावच्या शिंप्याला सांगितलं, डावी बाही शिवूच नको. पुढं मोजे आले, नोकरी संपली, बाही काही परत आली नाही. मुलीच्या लग्नातसुद्धा ते तसेच उभे राहिले. फोटोवाला त्यांना सारखा उजव्या अंगानं वळवत होता. व्याह्यांनी विचारलं, "डॉक्टर, एक बाही कुठं राहिली?" तर भर मांडवात म्हणाले, "घोडीच्या पोटात."

घोड्यांशी ते अहो-जाहो बोलत. "बाई, जरा सरका. हात गार हाय, माफ करा." मालकाशी मात्र, "तू गप. तुला न्हाई इचारलं."

मी पहिल्यांदा गेले ती सही मागायला. हिंगोलीत आमची एक लहानशी संघटना आहे आणि तिथं पत्रकं लिहिणं हे माझं काम. त्या पत्रकाचा मथळा मी मोठ्या हौसेनं लिहिला होता: 'जनावरांना हार्मोनचं विष टोचणं बंद करा!' ते त्यांनी मोठ्यानं वाचलं. चष्मा काढला. परत घातला.

"हार्मोन तुझ्या अंगात हाय का न्हाई?"

"आहे."

"माझ्या?"

"असेल."

"असंल न्हाई, हाय. मंग आपण दोघं जित्ते कसे?"

मी चिडले. म्हणाले, "म्हणजे दुकानात कुणीही जाऊन सुई आणतो, कुणीही टोचतो, ते बरोबर आहे?"

"न्हाई."

"मग?"

"मंग ते लिही ना! सुई वाईट न्हाई, पत्रकबाई. आंधळा हात वाईट. आत काय हाय ते बघायचं न्हाई अन् सुई मारायची, ही बदमाशी हाय. 'विष' काढ, 'आधी तपासा' लिही. मंग सही करतो."

'आधी तपासा' ही काय घोषणा झाली? मोर्चात कोण म्हणेल ती? मी सही न घेताच परत आले. पण तेव्हापासून त्यांनी मला पत्रकबाई करून टाकलं, आणि मीही महिन्यातून दोनदा पुसेगावची बस धरू लागले.

त्यांचा पहिला नियम, पहिल्या दिवशी सुई नाही. लोक लांबून घोडी चालवत आणायचे आणि हा माणूस नुसता हात घालून बघायचा, वहीत काहीतरी लिहायचा आणि म्हणायचा, परवा आणा. लोक वैतागायचे. दुकानदार एका मिनिटात देतो, आणि हे डॉक्टर असून देत नाहीत! खरं सांगायचं तर मलाही तो वेळकाढूपणा वाटायचा.

दुसरा नियम मात्र मला पहिल्याच दिवशी पटला. माजावर आणायची एक सुई असते. तिची बाटली उघडण्याआधी ते अंगणात येऊन मोठ्यानं विचारायचे, "घरात कोणी पोटुशी हाय का? आसंल तर लांब व्हा." पोक्त बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. पण ते औषध हातावर सांडलं तर कातडीतून आत जातं. घोडी गाभण असेल तर महिन्याभराचा गर्भ ते पाडतं, आणि बाईच्या पोटातल्यालाही सोडत नाही. तीच बाटली आमच्याकडे कागदात गुंडाळून कुणाच्याही हातात मिळते. त्यावरचा मजकूर इंग्रजीत, तोही मुंगीच्या पायाएवढा. कुणाच्या बापाला वाचता येणार तो?

या सगळ्यात मुक्ताबाई आल्या.

मुक्ताबाई नरसीजवळच्या एका खेड्यातल्या. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, मागं उरली ती त्यानं घेतलेली पांढरी घोडी, शेवंती. लग्नसराईत शेवंतीवर घर चालायचं. दीर सोपान सुपाऱ्या घ्यायचा, मुक्ताबाई लगाम धरून चालायच्या. तीन वर्षं शेवंती गाभण राहत नव्हती आणि गाव दोघींना एकाच शब्दानं ओळखत होतं. कोणता शब्द, ते मी इथं लिहिणार नाही. सोपाननं बजावलं होतं, यंदा राहिली तर राहिली, नाहीतर जत्रेत विकून टाकू. घोडी कागदावर दोघांची होती, त्यामुळे मुक्ताबाईंना नाही म्हणायची सोय नव्हती.

डॉक्टरांनी तपासलं. मग सोपानकडं वळले. "लग्नसराईत हिला काय टोचत व्हते?"

सोपान पायानं माती उकरत राहिला. मग खरं बाहेर आलं. माजावर आलेली घोडी वरातीत अडते. पाय फाकवून उभी राहते, शेपूट वर करते, वर नवरदेव आणि खाली वऱ्हाडी खिदळतायत. तो तमाशा नको म्हणून दुकानातून माज दाबायची सुई आणायची आणि सराईभर टोचायची. एक वर्ष नव्हे, तीन वर्षं. सगळेच करतात, सोपान म्हणाला.

"तीन वरसं तुमी तिला थांब थांब म्हणून राहिले," डॉक्टर म्हणाले, "अन् आता एका दिवसात चल म्हणता? ती बाई हाय का तुमच्या बँडवाल्याची टेप?"

आणि यांनीच वर तिला ती शिवी द्यायची! मी तिथंच बोलायला तोंड उघडलं, तर मलाही "तू गप" मिळालं.

त्यांनी सांगितलेला उपाय ऐकून सोपान हसला. ती सराई शेवंतीला वरातीला न्यायचं नाही, सुया बंद, आणि मार्गशीर्षापासून गोठ्यात बल्ब. दिवस मावळला की लावायचा, गाव निजेपर्यंत विझवायचा नाही. घोडीचं पोट उजेडावर चालतं. थंडीत दिवस लहान झाला की तिचं शरीर म्हणतं, आता नको. बल्ब लावून तिला वाटायला लावायचं की दिवस मोठा झाला. याला दोन महिने लागतात, आणि हे तिच्या अंगातलं स्वतःचंच हार्मोन, कुठल्याही बाटलीतलं नाही.

गावाला चेष्टेला विषयच मिळाला. "मुक्ताबाई, घोडी यंदा दहावीला बसून राहिली का? लई अभ्यास चालू हाय!" मुक्ताबाई म्हणायच्या, "व्हय, बसून राहिली. तुमचं पोरगं कॉपी करंल तिच्याकडून." लाईट जायची तेव्हा बॅटरीवरचा दिवा घेऊन त्या स्वतः गोठ्यात बसायच्या. सराई बुडाली म्हणून दुसऱ्यांच्या शेतात हळद काढायच्या मजुरीला जायच्या.

फाल्गुनात शेवंती माजावर आली. डॉक्टर रोज सकाळच्या पहिल्या बसनं नरसीकडं जायचे, हात घालून बघायचे, परत यायचे. अंडाशयावरचं बीजाचं बोंड लिंबाएवढं झालं की बीज सुटतं, म्हणाले. तेवढं झालं तेव्हा बीज सुटायची एकच सुई दिली आणि त्याच दिवशी घोडा दाखवला. त्या एका सुईसाठी त्यांनी तीन महिने वाट पाहिली होती.

चोविसाव्या दिवशी त्यांनी परत तपासलं आणि मुक्ताबाईंच्या कानात सांगितलं. फक्त त्यांच्याच. कारण मुक्ताबाईंनी हात जोडले होते, "डॉक्टरसाहेब, कोणाला बोलू नका. तीन महिने व्हस्तोवर बोलत नस्तेत, नजर लागती." आपल्याकडं सुनेचं असंच असतं, आणि मुक्ताबाईंना शेवंती सुनेपेक्षा कमी नव्हती. डॉक्टरांना हे पटत नव्हतं, पण त्यांनी शब्द दिला. सोपानला कळलं नाही, मला कळलं नाही, गावाला कळलं नाही.

आता माझी बाजू सांगते. ती सांगितल्याशिवाय दुसऱ्यांना शिव्या द्यायचा मला हक्क नाही.

चैत्रात आमच्या भागातल्या एका पुढाऱ्यानं, सगळे त्याला भाऊ म्हणतात, जनावरांचं मोफत वंध्यत्व निवारण शिबिर घेतलं. आमची संघटना बरोबर होती, पत्रक मी लिहिलं. मजकूर आला होता, 'गाय, म्हैस, शेळी घेऊन या.' घोडीला कोणी विचारत नाही, हे वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मी पेन घेतलं आणि 'शेळी'च्या पुढं 'घोडी' लिहिलं. फार बरं वाटलं मला. वाटलं, डॉक्टरांना दाखवावं.

ते पत्रक सोपानच्या हाती पडलं. मुक्ताबाई हळदीच्या कामावर होत्या. फुकट आहे, सरकारी डॉक्टर आहेत, एवढ्या दिवसांत घोडी परत माजावर आली नाही म्हणजे काहीतरी बिघडलंच असणार, असा त्यानं विचार केला. घोडीनं परत माज दाखवला नाही याचा अर्थ बिघडलं असा नाही, राहिली असा असतो. पण ते त्याला कोण सांगणार? नजर लागेल म्हणून कोणी बोललंच नव्हतं.

शिबिरात शेवंती रांगेत उभी होती. मी पाहिली. पाहून आनंद झाला, हात केला! मंडपात भाऊंचं भाषण, बाहेर रांग, रांगेच्या टोकाला दोन डॉक्टर आणि एक टेबल. तपासायला वेळ कुठला? ऊन चढायच्या आत संपवायचं होतं आणि फोटोवाला घाई करत होता. आलं जनावर, मारली सुई. आलं जनावर, मारली सुई. सगळ्यांना तीच.

संध्याकाळी मी पुसेगावला गेले आणि डॉक्टरांना शिबिराची गंमत सांगू लागले. किती जनावरं आली, भाऊ म्हशीला कसे घाबरले. "आणि ती शेवंती! सुई मारली तर बिचारी घामानं निथळली. लोळायलाच लागली. लोक म्हणाले, घोडीला चक्कर आली."

ते खुर्चीतून उठले.

"घाम? किती टाइम?"

"अर्धा तास असेल."

"मंग उतरला?"

"उतरला. का हो?"

"माजावर आणायच्या सुईनंच घोडीला असा घाम फुटतो," ते म्हणाले. मला घेऊन त्याच पावली शिबिराच्या मैदानावर आले. मंडपवाले खांब उपटत होते. टेबलामागच्या कचऱ्यात रिकाम्या बाटल्या पडल्या होत्या. त्यांनी हातरुमालानं एक उचलली, चष्म्याजवळ धरली, आणि मला पहिल्यांदा नावानं हाक मारली. म्हणाले, "ती गाभण व्हती. अठ्ठावीस दिवसांची."

मी रडले वगैरे नाही. मला राग आला. म्हणाले, रातोरात पत्रक काढते. भाऊंचं नाव, त्या दोन्ही डॉक्टरांची नावं, सगळ्यांची नावं घालते.

"घाल," ते म्हणाले. "पण 'घोडी' कोणी लिहिलं तेबी घाल. अन् आधी मुक्ताबाईकडं चल. पत्रकात वाचून कळायचं का तिला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्ताबाईंच्या अंगणात मी ते सांगितलं. मीच सांगायचं, असं त्यांनी बजावलं होतं. मुक्ताबाई ओट्यावर हळदीचे पिवळे हात घेऊन बसल्या होत्या. सोपान उभा होता.

"गाभण व्हती?" सोपान म्हणाला. "वयनी, गाभण व्हती? मला काहून न्हाई सांगितलं?"

"नजर लागंल म्हणून," मुक्ताबाई म्हणाल्या.

"म्या नेली. म्याच नेली की वो." सोपान मोठ्यानं रडायला लागला. त्याला काय बोलायचं? ज्यांना बोलायचं ते शिबिराचे फोटो मोबाईलवर टाकत होते. खाली लिहिलं होतं, भव्य प्रतिसाद.

मुक्ताबाईंनी डॉक्टरांना विचारलं, "आता ती कायमची गेली का?"

"न्हाई. या सुईनं चार-पाच दिवसांत परत माज येईल. ज्या सुईनं पाडलं तिच्याच माजावर परत घोडा दाखवता येतो. ऋतू बराबर हाय, तिचं अंग चांगलं हाय. पण तुमी म्हणाल तरच."

"तिला तकलीफ?"

"तिला कमी. तुमाला जास्ती."

मुक्ताबाई उठल्या. हात धुतले. म्हणाल्या, "दाखवा. पण यंदा मी कोणापासून लपवणार न्हाई. नजर लागायची ती लागू दे."

आणि खरंच त्यांनी लपवलं नाही. शेवंती राहिली हे कळलं त्या दिवसापासून त्यांनी साऱ्या पंचक्रोशीला सांगितलं. दळणाच्या गिरणीत सांगितलं, आठवडी बाजारात सांगितलं, बसच्या कंडक्टरला सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, तिकीट कुठलं देऊ?" तर म्हणाल्या, "नरसी. अन् घोडी गाभण हाय, हात लावायचा न्हाई." सोपाननं गोठ्यावर कोळशानं तेच लिहून टाकलं. औषधाचा दुकानदारसुद्धा त्यांना लांबून नमस्कार करायचा.

मीही पत्रक काढलं. 'घोडी' कोणी लिहिलं तेही घातलं. संघटनेनं मला समज दिली की आपल्याच माणसांवर असं लिहायचं नसतं. आपली माणसं कोण, हे मी विचारलं.

पुढच्या फाल्गुनाअखेर शेवंतीला शिंगरू झालं. मादी, कपाळावर ठिपका. आणि काय सांगू, चैत्रातल्या नव्या शिबिराच्या फलकावर त्या शिंगराचा फोटो! 'आमच्या शिबिरात उपचार घेतलेल्या घोडीला तीन वर्षांनी अपत्यप्राप्ती.' मुक्ताबाईंचा सत्कार ठेवला होता. मी संतापून डॉक्टरांकडं गेले. म्हणाले, काय निर्लज्ज माणसं आहेत! ते म्हणाले, "खोटं कुठंय? सुई त्यांचीच व्हती. बाकीचं सांगत न्हाईत एवढंच." मग म्हणाले, "मुक्ताबाई येते म्हणाली का? मंग मीबी येतो." शिबिराला कधी न जाणारा हा माणूस त्या दिवशी आला, आणि मंडपात न बसता बाहेर रांगेत, लोकांच्या जनावरांमध्ये जाऊन उभा राहिला.

मुक्ताबाईंना स्टेजवर बोलावलं. शाल दिली, नारळ दिला, माइक पुढं केला. भाऊ म्हणाले, "मावशी, दोन शब्द बोला."

मुक्ताबाईंनी शाल घडी करून टेबलावर ठेवली.

"हे दुसरं हाय," त्या म्हणाल्या. "माझी घोडी तुमच्या रांगेत आली तवा गाभण व्हती. पयलं कुठंय?"

भाऊ हसून म्हणाले, "काय म्हणता, मावशी?"

"पयलं कुठंय, म्हणते."

कुणीतरी माइक बंद केला. पण जी बाई बँडच्या गलक्यात घोडीला हाक मारून थांबवते, तिला माइक कशाला लागतो? तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं ते बाहेर रांगेच्या शेवटापर्यंत गेलं. "न तपासता सुई मारली. पयलं कुठंय?"

टेबलावरच्या डॉक्टरच्या हातात भरलेली सिरिंज होती आणि पुढं एक म्हातारा म्हैस धरून उभा होता. म्हाताऱ्यानं दोर आखडला. म्हणाला, "साहेब, आधी हात घालून बघता का?"

"बाबा, मागं रांग केवढी आहे बघा."

म्हातारा मागं वळला. रांगेत एका बाहीचा सदरा दिसला. "डॉक्टर, तुमी बघता?"

"गरम पाणी आणा," ते म्हणाले. "ज्याला घाई असंल त्यानं तिकडंच राहावं."

एक शेळीवाला तिकडं राहिला. बाकीची रांग दोर ओढत, धूळ उडवत इकडं फिरली.